दवाखान्याचा कारभार शिकायला निघालेली मुलं

(मुकुटबन येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी पोरांना शाळेत आणलं आणि शाळेनंतर पुढं काय, हा प्रश्न त्या पोरांच्या आईबापांसोबत बसून सोडवला. आजचा विषय मी त्याच प्रश्नातून घेतला आहे. बी.कॉम. किंवा बीबीए झालेली आपली मुलगी एमबीएला जाते. तिथे तिच्यासमोर विशेष विषयांची यादी येते: मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ, ऑपरेशन्स. त्या यादीत खाली कुठेतरी आरोग्यसेवा व्यवस्थापन असतं, आणि ती सहसा ते घेत नाही. झरी-जामणी, वणी, मारेगाव, केळापूर या पट्ट्यातल्या मुलांनी ते घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागात डॉक्टर कमी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आहे तो डॉक्टर, आहे ते औषध, आहे ती गाडी आणि आहे ती सरकारी योजना रुग्णापर्यंत वेळेत पोचवणारा माणूस त्याहूनही कमी आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. 31 जानेवारी 2021 हा पोलिओ लसीकरणाचा दिवस होता. घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवलं आणि सुदैवाने ती सुखरूप राहिली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बातमी देशभर गेली आणि विसरली गेली.

जो व्यवस्थापन शिकला आहे तो या घटनेकडे बघून वेगळं विचारतो. लसीची कुपी आणि सॅनिटायझरची बाटली एकाच टेबलावर हाताशी येईल अशी मांडणी मुळात का झाली? पहिला थेंब देण्याआधी कुपीवरचं नाव आणि उष्णता दाखवणारा चौकोन दुसऱ्या माणसाने वाचून दाखवायचा, असा नियम तिथे रुजलेला होता का? आदल्या दिवशीच्या प्रशिक्षणाला कोण हजर होतं, कोण नव्हतं, याची नोंद कोणी पाहिली? माणूस निलंबित झाला म्हणजे टेबलाची मांडणी बदलली असं होत नाही. पुढच्या मोहिमेत तेच टेबल दुसऱ्या ताईच्या वाट्याला येतं.

त्याआधी, 2017 च्या पावसाळ्यात काय झालं ते तर इथल्या प्रत्येकाच्या घराच्या जवळचं आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती, कीटकनाशकाचा फवारा थेट तोंडावर येत होता, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात आले. वीसच्या आसपास माणसं गेली. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. विकणाऱ्यांची, कंपन्यांची, कृषी खात्याची जबाबदारी हा मोठा विषय आहे आणि त्यावर बोलणारे आपल्याकडे आहेत. मी त्यातली दवाखान्याची बाजू तेवढी घेतो. एका आरोग्य केंद्रात दोन रुग्ण येतात, ग्रामीण रुग्णालयात चार, खाजगी डॉक्टरकडे तीन. प्रत्येकाला आपल्यापुरतं वाटतं की नेहमीचंच आहे. या आकड्यांची रोज संध्याकाळी एका कागदावर बेरीज करणारं कोणी असतं, तर पंधरा दिवसांत उमगलं असतं की हे नेहमीचं नाही. मग विषबाधेवरच्या ॲट्रोपिनचा साठा वाढवता येतो, व्हेंटिलेटरची खाट कुठे रिकामी आहे हे आधी कळतं, रुग्णासोबत फवारलेल्या औषधाची बाटली आणा अशी दवंडी देता येते. विषबाधा ओळखण्यासाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायची सोय जवळ असावी, ही मागणीही तेव्हाच जोराने पुढे आली. यातल्या एकाही कामाला शस्त्रक्रिया यावी लागत नाही. त्याला मोजणं, साठा राखणं, निरोप वेळेत पोचवणं यावं लागतं.

या मोजण्याचं बळ किती मोठं असतं ते गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. प्रत्येक बाळाचा जन्म आणि मृत्यू नोंदवायचा, हे त्यांच्या कामाच्या मुळाशी होतं. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशभरच्या आशाताई याच पद्धतीने घरभेटी देऊ लागल्या. ते दोघेही डॉक्टर, हे खरं. पण बाळ जगलं ते अशा ताईमुळे, जिच्या हातात वही होती, वजनकाटा होता आणि कोणत्या दिवशी कोणत्या घरी जायचं याचं वेळापत्रक होतं.

हे शास्त्र व्यापाराच्या शाळेत कसं आलं, तेही सांगतो. 1934 मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामागे मायकेल डेव्हिस नावाचे गृहस्थ होते आणि ते डॉक्टर नव्हते, समाजशास्त्राचे अभ्यासक होते. रुग्णालयात शेकडो माणसं काम करतात, लाखोंची खरेदी होते, चोवीस तास दार उघडं असतं, तेव्हा ते चालवण्याचं वेगळं शिक्षण हवं, हे त्यांचं म्हणणं.

पण मला शिकागोपेक्षा सेवाग्राम जास्त शिकवतं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी केली. त्याच संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांसाठी ज्वारीची आरोग्य विमा योजना चालवली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, मजुराने थोडी. गोळा झालेल्या ज्वारीच्या पैशांतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि औषधं, आणि अचानक आजारी पडलं तर सेवाग्रामला भरती होण्याची सोय. एकेका घराने यायचं नाही, गावाने मिळून यायचं. गावातली बहुतेक कुटुंबं सामील झाली तरच गाव योजनेत घेतलं जाई.

एमबीएच्या मुलांनी या अटीकडे नीट पाहावं. विम्याच्या पुस्तकात एक मोठी अडचण शिकवतात: निरोगी माणूस हप्ता भरायला तयार नसतो, आजारी माणूस धावत येतो, आणि मग विमा बुडतो. विमा कंपन्या यावर वैद्यकीय तपासणी, वयाची अट, जुने आजार वगळणं असे उपाय करतात, आणि ते सगळे उपाय ज्याला गरज आहे त्यालाच बाहेर ठेवतात. सेवाग्रामने उलट केलं. सगळं गाव आत घेतलं, म्हणजे निरोगीही आत आले. हप्ता जमिनीप्रमाणे लावला, म्हणजे गरीब बाहेर राहिला नाही. सुगीला घेतला, म्हणजे हातात असताना घेतला. रोख न मागता ज्वारी मागितली, म्हणजे ज्याच्याकडे नोट नसते तोही देणारा झाला आणि दवाखान्यात हक्काने जाऊ लागला. फायनान्सचा एक अख्खा प्रकरणभर धडा त्या पोत्यांमध्ये होता. आपल्या विदर्भातल्या एमबीएच्या वर्गांत तो शिकवला जात नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण मदुराईचं. डॉ. व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णाच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियागृहात दोन टेबलं शेजारी. एका टेबलावरचं काम संपेपर्यंत दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो, सर्जन वळतो आणि पुढचं सुरू करतो. तयारीची सगळी कामं गावांतून घेऊन शिकवलेल्या मुली करतात. डॉक्टरचा वेळ सगळ्यात दुर्मिळ, म्हणून तो ज्या कामाला डॉक्टरच लागतो त्याच कामावर खर्च करायचा. परदेशी भिंग महाग पडतं म्हणून 1992 मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, ऑरोलॅब. जगभरच्या व्यवस्थापन शाळांत अरविंद शिकवलं जातं. आपली मुलं ते पुस्तकात वाचतात आणि परीक्षेत लिहितात. तेच तत्त्व एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सकाळच्या ओपीडीला लावून पाहा. केसपेपर लिहायला, बीपी-वजन घ्यायला, औषध समजावून सांगायला डॉक्टर लागतो का?

आता मुकुटबनकडे येतो. निकषांप्रमाणे आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असावं. निकष लोकसंख्या मोजतो, पोडाकडे, म्हणजे कोलामांच्या वस्तीकडे, जाणारी वाट मोजत नाही. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, आणि त्याची पोडं इथे विखुरलेली. 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, तिचा फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. तिथे बसलेल्या माणसाला पोडाची खूण कशी सांगायची? कोलामी बोलणाऱ्या आजीच्या छातीत दुखतंय की पोटात, हे मराठीत कोण सांगणार? सीमेलगतच्या घरांत तेलुगू आहे, शेजारी गोंडी आहे. ज्याला या भाषा येतात आणि ज्याला नोंदवही, नकाशा, वेळापत्रक बनवता येतं, असा माणूस बाहेरून आणता येत नाही. तो इथेच वाढतो आणि शिकायला बाहेर जातो.

सीमेची गोष्ट निघालीच आहे. आपल्याला आदिलाबाद यवतमाळपेक्षा जवळ. घरात कोणी गंभीर आजारी पडलं की कोणी वणीला धावतं, कोणी चंद्रपूरला, कोणी नागपूर-सावंगीला, कोणी आदिलाबादला. आपल्या राज्यात 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तिचा नमुना आंध्रच्या आरोग्यश्रीवरून घेतला होता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती यवतमाळसह सगळ्या राज्यात आली, आणि 2017 पासून तीच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. यवतमाळ शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत असल्याने इथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यालाही ती आधीपासून लागू झाली. पण या योजनेचं कार्ड घेऊन आदिलाबादला गेलात तर तिथल्या राज्याची योजना त्यावर मिळत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते देशात कुठेही संलग्न रुग्णालयात चालतं. हा फरक घरातून निघताना कळला तर कुटुंब वाचतं. तिथे पोचल्यावर, अनामत भरल्यावर कळला तर शेत गहाण पडतं. पूर्वपरवानगी कशी मागायची, कोणती शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, कोणता कागद राहिला म्हणून दावा परत आला, हे सगळं रुग्णाला योजनेत मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं आणि त्याच्यावरच्या व्यवस्थापकाचं काम. हिशेबाचं डोकं आणि माणसाची कणव, दोन्ही लागतात.

औषधसाठ्याचंही तसंच. आपल्याकडे सर्पदंशाची लस वर्षभरात ताप-खोकल्याच्या गोळ्यांच्या मानाने फारच थोडी लागते, पण लागते तेव्हा तिच्याशिवाय दुसरं काही चालत नाही. दुकानाच्या हिशेबाने जी वस्तू कमी खपते ती कमी ठेवायची. दवाखान्याच्या हिशेबाने वस्तूंचे दोन कस लावतात: किंमत किती आणि नसली तर जीव जातो का. हे दोन्ही कस एकत्र लावून पावसाळ्याआधी किती कुप्या मागवायच्या, मागणी केल्यापासून हाती यायला किती दिवस लागतात, कोणत्या कुपीची मुदत आधी संपते, हे काढणं ऑपरेशन्सच्या वर्गात शिकवतात. उदाहरणं मात्र बिस्किटाच्या आणि मोटारीच्या कारखान्याची असतात. सिकलसेलच्या रुग्णाला महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवायची असते. त्याची यादी, कोण या महिन्यात आलं नाही, का आलं नाही, हेही साठ्याइतकंच जपायचं असतं.

मुलं मला विचारतात, शिकायचं कुठे? थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात एमबीएला प्रवेश राज्याच्या सीईटीतून मिळतो, पदवीला 50 टक्के आणि राखीव वर्गाला 45 टक्के गुण लागतात. 2024 पासून बीबीएलाही सीईटी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने 2019 च्या अभ्यासक्रमात मुख्य आणि दुय्यम असे दोन विशेष विषय ठेवले आणि औषधनिर्माण व आरोग्यसेवा व्यवस्थापन हा दुय्यम विषयांत घातला. त्याला दुय्यम ठेवणं मला खटकलं, पण जिथे असेल तिथे त्याचा उपयोग करून घ्यावा. माझा सल्ला असा की मुख्य विषय ऑपरेशन्स किंवा फायनान्स घ्या आणि जोडीला आरोग्यसेवा. नुसतं मार्केटिंग आणि आरोग्य ही जोडी घेतलेली बरीच मुलं पुढे रुग्ण आणून देण्याच्या कामाला लागतात, ते मला नको आहे. ज्यांना पूर्ण रुग्णालयच शिकायचं आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, पुण्यात सिम्बायोसिसमध्ये रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनाचं एमबीए आहे. सार्वजनिक आरोग्याची पदवी वेगळी. ती रोग आणि लोकसंख्या शिकवते, कारभार कमी. फीच्या बाबतीत समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्त्या, आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाऐवजी रोख मदत देणारी स्वयं योजना, हे प्रवेशाच्या आधीच पाहा.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर कार्यक्रम व्यवस्थापकाची पदं आहेत, पण अनेक जाहिरातींत आधी वैद्यकीय पदवी आणि वर एमबीए किंवा तत्सम शिक्षण मागतात, आणि बहुतेक पदं कंत्राटी. म्हणजे आपल्या गावात बीएएमएस किंवा बीडीएस झालेली मुलं असतील, तर हा विषय त्यांनीही घ्यावा. 2022 मध्ये केंद्राने राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारायला सांगितलं. तो नीट उभा राहिला तर कायम पदं होतील, आणि त्यासाठी मागणी आपणच लावून धरायला हवी. बाकीची कामं खाजगी आणि धर्मादाय रुग्णालयांत, विमा-योजनांत, आणि उद्योगांत. मुकुटबनमध्ये 2022 मध्ये 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला, वणीच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. जिथे धूळ आणि अवजड यंत्रं, तिथे कामगारांच्या आरोग्याची नोंद, फुप्फुसाच्या तपासण्या, अपघातानंतरच्या पहिल्या तासाभराची व्यवस्था हे कायद्याने आणि माणुसकीने लागणारं काम आहे.

एक आक्षेप मला प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो: दवाखान्यात एमबीए आला की दवाखान्याचा धंदा होतो. हा राग मी समजू शकतो. खाटेवरच्या माणसाचं बिल पाहून ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली, त्यांनी तो बोलून दाखवलाच पाहिजे. पण कारभार न शिकलेल्या माणसाच्या हातात दवाखाना दिल्याने धंदा थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करायचं. नर्सिंग होमच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं सक्तीचं केलं. हे सगळं कागदावर आहे. ते खाटेवर उतरतं की नाही हे त्या रुग्णालयात खाटांची आणि निधीची वही कोण ठेवतो, त्यावर ठरतं. त्या खुर्चीवर निर्धन घरातून आलेला, कायदा वाचलेला, ताळेबंद कळणारा माणूस बसला, तर रिकाम्या राखीव खाटेचा नंबर तो दडवणार नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत 10 नवजात बाळं गेली. अग्निसुरक्षेची तपासणी झाली का, धूर निघाल्यावर कोणतं दार उघडायचं, रात्रपाळीला कोण जागं, हे ठरवणारं कामही याच शास्त्रातलं. त्याला धंदा म्हणता येणार नाही.

शेवटी, या वर्षी एमबीएच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलांशी बोलतो. दुसऱ्या सत्रानंतर तुम्हाला दोन महिन्यांचा समर इंटर्नशिप प्रोजेक्ट करायचा असतो, आणि बहुतेक जण पुण्या-नागपूरच्या कंपन्यांना अर्ज करतात. आपल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक लेखी अर्ज द्या, सोबत महाविद्यालयाचं पत्र जोडा, आणि एकाच आरोग्य केंद्रात एकच प्रश्न घेऊन बसा. सर्पदंशाचा रुग्ण पोडातून निघाल्यापासून पहिली कुपी चढेपर्यंत किती वेळ लागतो आणि तो वेळ कुठे कुठे जातो, एवढंच मोजा. गाडीची वाट पाहण्यात किती, रस्त्यात किती, नोंदणीत किती, पुढं पाठवण्यात किती. आशाताईंना, चालकाला, औषधनिर्मात्याला विचारा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना तक्ता दाखवा, त्यांची दुरुस्ती घ्या, रुग्णाचं नाव कुठेही लिहू नका. अहवालाची एक प्रत महाविद्यालयाला द्या आणि दुसरी मराठीत लिहून त्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचा. पावसाळा जूनमध्ये लागतो, म्हणून अर्ज मार्चमध्येच गेलेला बरा.